मास्टर्स अर्धवट सुटलं, आता एमबीए करायचंय

प्रश्न: नमस्कार ताई, माझं इंजिनिअरिंग झालंय पण मार्क यथातथाच, पहिली दोन वर्षं तर पार वाया घालवली. मग इकॉनॉमिक्सच्या मास्टर्सला ॲडमिशन घेतली, वर्षभरात सहा कोर्स केले, ग्रेड चांगले आले, पण मधेच नोकरी मिळाली आणि ते सुटलं ते सुटलंच. आता नोकरीला 4 वर्षं झालीत, अमेरिकेतल्या वॉर्टन, बूथ, कोलंबिया या बिझनेस स्कूलमधून एमबीए करायचं डोक्यात आहे. मास्टर्सचे ग्रेड धरून माझा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वर जाईल का? जे कोर्स झालेत ते परत करावे लागतील का? आणि ते मास्टर्स अर्जात लिहिलंच नाही तर चालेल का?

उत्तर: शेवटचं आधी घेते, कारण त्याचीच मला काळजी वाटली. नाही चालणार रे. डिग्रीसाठी जिथे जिथे नाव घातलंस ते सगळं अर्जात विचारतात, डिग्री पूर्ण झाली असो वा नसो, आणि निवड झाल्यावर पडताळणी होते, त्यात काही लपवलेलं सापडलं तर हातात आलेली ॲडमिशन काढून घेऊ शकतात. आणि खरं सांगू का, तू लपवायला निघालायस तोच तुझ्या अर्जातला सगळ्यात चांगला पुरावा आहे!

आता जीपीए. तो वर जाणार नाही. ग्रॅज्युएशनचा आकडा आहे तोच राहतो, मास्टर्सचा वेगळा दिसतो, दोन्हीची सरासरी कोणी काढत बसत नाही. यूएस न्यूज हे अमेरिकन मासिक कॉलेजांचं जे रँकिंग काढतं त्यातसुद्धा ग्रॅज्युएशनचाच जीपीए धरतात, त्यामुळे कॉलेजं त्या आकड्याकडे बघतात हे मान्यच करावं लागतं. त्यात मास्टर्सला ग्रेड जरा सढळ हातानेच देतात, बऱ्याच ठिकाणी तर जीपीए 4 पैकी 3.0 च्या खाली गेला की कोर्समध्ये टिकताच येत नाही, म्हणजे तिथला ‘बी’ ग्रेड काही फार कौतुकाचा नसतो. पण फाइल वाचणारा माणूस नुसता आकडा बघत नाही, ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणपत्रिका, उघडतो, आणि तिथे त्याला इकॉनोमेट्रिक्स, स्टॅटिस्टिक्स असे विषय आणि त्यापुढे ए दिसले तर पहिल्या दोन वर्षांतला मुलगा आणि आत्ताचा तू यातला फरक त्याला कळतो. ही गोष्ट जीमॅट या एमबीए प्रवेश परीक्षेच्या क्वांटमध्येही, म्हणजे गणिताच्या भागातही, दिसायला हवी, नाहीतर दोन पुरावे एकमेकांच्या विरोधात जातील. आणि हो, जुन्या लोकांचे 700 चे स्कोअर ऐकून घाबरू नकोस, आताच्या परीक्षेचं माप 205 ते 805 आहे, जुन्या 700 च्या जवळपास आजचे साधारण 645 येतात.

कोर्सचं म्हणशील तर दोन गोष्टींची गल्लत होते. क्रेडिट ट्रान्सफर म्हणजे डिग्रीतले क्रेडिट कमी होणं, ते अशा कॉलेजांत जवळजवळ नसतंच. कोर्समधून सूट मात्र काही ठिकाणी मिळते. वॉर्टनमध्ये काही कोअर, म्हणजे सक्तीचे, कोर्स आधीच्या शिक्षणावर किंवा परीक्षा देऊन टाळता येतात, कोलंबियातही अशी सूट मिळवण्यासाठी परीक्षा आहेत, पण त्या जागी दुसरा विषय घ्यायचाच असतो, वेळ आणि फी तेवढीच. बूथमध्ये सगळ्यांना सक्तीचा असा एकच कोर्स आहे, लीड नावाचा, बाकी पायाभूत विषयांत तुला जे येतं त्याच्या वरच्या पायरीवरून सुरुवात करता येते, त्यामुळे तुझ्यासारख्याला ते सोयीचं पडेल असं मला वाटतं. हार्वर्डचा विचार मनात आला तर एवढं लक्षात ठेव की तिथे पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच, सूट नाही. वर्ग केसच्या, म्हणजे कंपन्यांसमोर आलेल्या प्रसंगांच्या, चर्चेवर चालतो, ज्याला विषय येतो त्याने वर्गात बसून बोलणं हाच तिथला अभ्यास.

आता तू न विचारलेला पण कॉलेजं नक्की विचारणार असलेला प्रश्न: मास्टर्स सोडलंस, मग आता परत शिकायचंय कशाला, आणि हे तरी पूर्ण करशील का? याचं उत्तर अर्जातल्या ऑप्शनल (ऐच्छिक) निबंधात चार-पाच ओळींत दे. कधी घेतलं, किती कोर्स झाले, का सोडलं, आणि नोकरीत असं काय समोर आलं की जे इकॉनॉमिक्सच्या वर्गात मिळालं नसतं. म्हणजे असं काहीतरी, ‘सहा कोर्स पूर्ण केले, त्यानंतर नोकरीची संधी आली आणि ती मी निवडली. आकडेमोड तिथे कामी आली, पण टीम चालवताना आणि किंमत ठरवताना मी कमी पडलो.’ अर्थात हे तुझ्या बाबतीत खरं असेल तरच, नाहीतर तुझं जे असेल ते लिही. सोडल्याबद्दल माफी मागत बसू नकोस, आणि गाइडची किंवा परिस्थितीची तक्रार तर अजिबात नको, मी अशा तक्रारींनी भरलेले निबंध वाचलेत, वाचून वाईट वाटतं कारण मुलं हुशार असतात आणि सगळी जागा रडगाण्यात जाते.

शिफारसपत्र प्रोफेसरचं घेऊ नकोस. आत्ताच्या बॉसचं घे, ते शक्य नसेल तर आधीच्या बॉसचं.

प्रश्न: माझं एमबीएचं एक वर्ष दुसरीकडे झालंय. मोठ्या बी-स्कूलला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येईल का?

उत्तर: बहुतेक नामांकित ठिकाणी नाही, नव्याने अर्ज करून पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. आणि आहे ते एमबीए पूर्ण करून मग दुसरं करायचा विचार असेल तर फी भरायच्या आधी त्या कॉलेजचे पात्रतेचे नियम नीट वाच, एमबीए झालेल्यांना काही ठिकाणी घेतच नाहीत.