हाल्ट्रॅस म्हणजे अडीच विसा

प्रश्न असा आला आहे: "भाची कोपनहेगनला शिकते, पुतण्या नोकरीसाठी बेलग्रेडला. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर दोघांची जुंपली, कुणाची भाषा जास्त वाकडी म्हणून. पुतण्या म्हणाला, सर्बियनमध्ये पन्नासला 'पेदेसेत' म्हणतात, पाच दहा, सरळ हिशेब. भाचीच्या डॅनिशमध्ये पन्नासला 'हाल्ट्रॅस'. त्यात ना पाच ना दहा. तिला वर्गात सांगितलं की याचा अर्थ 'अर्धा तिसरा'. अर्ध्या तिसऱ्याचे पन्नास कसे होतात? आणि मराठी माणसाला यातली कुठली भाषा जवळची?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर भाचीला आजीकडून मिळालं असतं. आजी अडीचकी, म्हणजे अडीचचा पाढा, पाठ असलेल्या पिढीतली असेल तर नक्कीच.

हाल्ट्रॅस हे शेपूट छाटलेलं रूप आहे. पूर्ण शब्द तीन तुकड्यांचा: 'अर्धा तिसरा', मग 'वेळा', मग 'वीस'. पहिला पूर्ण, दुसरा पूर्ण आणि तिसरा अर्धा, म्हणजे अडीच. अडीच वेळा वीस, पन्नास. रोजच्या बोलण्यात 'वेळा वीस' गळून गेलं आणि नुसता 'अर्धा तिसरा' उरला, म्हणून नवख्याला ते कोडं वाटतं. 'पन्नासावा' म्हणायचं झालं की मात्र कापलेलं शेपूट आजही पूर्ण परत येतं.

आता आपला अडीच बघा. त्यात 'दोन' कुठे ऐकू येतो का? येत नाही, कारण तो त्यात नाहीच. संस्कृत अर्धतृतीय, प्राकृत अड्ढाइज्ज, मराठी अडीच. म्हणजे आपणही अर्धा तिसराच म्हणतो, फक्त झिजून झिजून शिवण दिसेनाशी झाली आहे. दीडचंही तेच: द्वि आणि अर्ध, अर्धा दुसरा. सम्राट अशोकाच्या रूपनाथच्या लेखात 'अढतिय' म्हणजे अडीच वर्षं आणि 'दियढिय' म्हणजे दीडपट, हे दोन्ही शब्द एकाच मजकुरात आहेत. आपण भाजीवाल्याकडे दीड किलो कांदे नि अडीच किलो बटाटे मागतो तेव्हा हेच शब्द वापरत असतो.

डॅनिशचा पुढचा पाढा मग आपोआप सुटतो. साठ म्हणजे ट्रॅस, तीन विसा. ऐंशी म्हणजे फीर्स, चार विसा. मधला सत्तर 'हाल्फ्येर्स', अर्धा चौथा, आणि इथे मला फार मजा वाटते, कारण अर्ध्या चौथ्याला मराठीत खास शब्द होता: औट. संस्कृत अर्धचतुर्थ, प्राकृत अद्धुट्ठ, मराठी औट. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी, अशी पाढ्यांची रांग होती. औटकीत विसाला सत्तर येतात. डॅनिश सत्तर तेवढाच आहे, औट विसा. संतांच्या ओव्यांतला 'औट हात' देह म्हणजे साडेतीन हातांचा. पुढे मराठीने रीत बदलली. 'साडे' हा 'सार्ध'मधून आला, म्हणजे अर्ध्यासकट: अर्ध्यासकट तीन, अर्ध्यासकट चार. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं सगळी या नव्या रीतीची. दीड आणि अडीच तेवढे जुन्या घराला धरून राहिले. डॅनिशमध्ये सुट्या वापरात त्यातला एकच टिकला, दीडसाठीचा 'हालॅनन', अर्धा दुसरा. अडीच किलोला तिथे आता 'दोन आणि एक अर्धा' म्हणतात. अर्धा तिसरा फक्त पन्नासच्या पोटात जिवंत आहे.

नव्वद 'हाल्फेम्स', अर्धा पाचवा, साडेचार विसा. विसांनी मोजणं तर आपल्याला परकं नाहीच. जुनी माणसं वय सांगताना 'तीन विसा नि पाच' म्हणायची. भाचीला एक खड्डा मात्र दाखवून ठेवा: चाळीस. त्याच्या जुन्या लांब रूपाच्या शेवटी विसासारखाच शब्द दिसतो, पण तिथे त्याचा अर्थ 'दहा' असा आहे. चार दहा, चाळीस. तिथे वीसने गुणायला गेलात तर ऐंशी होतील.

डॅनिश लोकांनाही हे सगळं सोपं वाटतं असं नाही. स्वीडिश-नॉर्वेजियन शेजाऱ्यांना कळावं म्हणून चेकवर 'फेमती', म्हणजे पाच दहा, असा सरळ शब्द लिहायची सोय होती. पन्नास क्रोनरच्या नोटेवरही तो एके काळी छापलेला असे. तोंडात मात्र कधी बसला नाही. दुकानात हाल्ट्रॅसच.

आता पुतण्याची बाजू. शब्द ऐकले तर सर्बियन आपल्या जास्त जवळची वाटेल. पेत आणि पंच, देसेत आणि दश, स्तो आणि शत: नातं सांगायला कोश लागत नाही. स्वरासारखा र सुद्धा तिथे खणखणीत आहे. आपण ऋ लिहितो आणि म्हणतो रु. सर्ब माणूस बोटाला 'प्र्स्त' आणि चौकाला 'त्र्ग' म्हणतो, मध्ये एकही स्वर न घालता. रक्ताला 'क्र्व', आणि आपल्या पुराणांतले क्रव्याद राक्षस त्याच कुळातले, क्रव्य म्हणजे कच्चं मांस. विभक्त्या सात आहेत, संबोधन धरून. 'ओलोव्का' म्हणजे पेन्सिल, 'ओलोव्कोम' म्हणजे पेन्सिलीने. इंग्रजीतून येणाऱ्याला याचा घाम फुटतो. आपल्याला रूपं पाठ करावी लागतात, पण तृतीया म्हणजे काय हे कुणी समजावावं लागत नाही. डॅनिशमध्ये नामांच्या विभक्त्या जवळजवळ संपल्या, षष्ठीचा एक स् उरला.

पण पंचावन्न म्हणायला लावा, की पारडं फिरतं. सर्बियन म्हणेल पेदेसेत पेत, आधी पन्नास मग पाच. डॅनिश म्हणेल 'फेम ओ हाल्ट्रॅस', पाच आणि पन्नास, आपल्या पंचावन्नच्याच क्रमाने. तेव्हा जवळची कुठली, याचं माझं उत्तर असं: शब्दांनी सर्बियन, मोजायच्या रीतीने डॅनिश.

लेखनात मात्र पुतण्या सुखी आहे, आणि त्यामागे एक गंमतशीर योगायोग आहे. 1787 साली दोन मुलं जन्मली. सर्बियातल्या त्र्शिचमध्ये वुक काराजिच, आणि डेन्मार्कच्या फ्यून बेटावर रास्मुस रास्क. दोघेही भाषेचे वेडे, आणि लेखन उच्चारांप्रमाणे असावं या मताचे. 'जसं बोलता तसं लिहा, लिहिलंय तसं वाचा' हे वुकचं घोषवाक्य. तीस ध्वनी, तीस अक्षरं. त्याच्या हयातीत त्यावरून रणं माजली आणि सर्बियाने ते अधिकृतपणे स्वीकारलं 1868 मध्ये, तो जाऊन चार वर्षं झाल्यावर. रास्कने आपलं शुद्धलेखनाचं पुस्तक 1826 मध्ये काढलं. त्याची पद्धत काही चालली नाही. त्यामुळे भाची हाल्ट्रॅस लिहिते तेव्हा मधला एक व आणि शेवटाजवळचा एक द अशी दोन अक्षरं घालते, जी कुणीच उच्चारत नाही. सगळा दोष लेखनाचा नाही म्हणा, डॅनिश जीभ व्यंजनं गिळण्यात पटाईत आहे. हाच रास्क रशिया-इराणमार्गे 1820 मध्ये मुंबईत पोचला होता आणि अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथाच्या हस्तलिखितांसाठी त्यांच्या मागे लागला होता. मुंबईच्या बाजारात त्याच्या कानावर कधी 'अडीच' पडला असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

भांडण मिटवायला दोघांना घड्याळ दाखवा. अडीच वाजले की कोपनहेगनला 'हाल ट्रे' म्हणतात, अर्धे तीन. बेलग्रेडला 'पोला त्री', तेही अर्धे तीनच. आपला अडीच त्याच जातीचा. घोटाळा होतो तो इंग्रजी डोक्यात घेऊन ऐकणाऱ्याचा: ब्रिटिश 'हाफ थ्री' म्हणजे साडेतीन. त्या हिशेबाने गेलेला माणूस एक तास उशिरा पोचतो. मराठीत विचार केला तर वेळेवर पोचाल.

दोन्ही शहरांचं घड्याळ एकच चालतं, तेव्हा कॉल दोघांना एकत्रच लावा. हिवाळ्यात ते आपल्या साडेचार तास मागे असतात. त्यांच्याकडे हाल ट्रे वाजले, की आपल्याकडे संध्याकाळचे सात. मार्चअखेर त्यांची घड्याळं पुढे गेली, की अंतर उरतं औट तासांचं.