वाळवंटातला हिवाळा

प्रश्न : मुलगा फिनिक्सला असतो. त्याची आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात आम्ही दोघं हिवाळाभर राहावं म्हणतो. सरकारी जमिनीवर फुकट राहता येतं, हे खरं का?

उत्तर : काका, फुकट ते चौदा दिवसच. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीन सांभाळणाऱ्या खात्याच्या साध्या जमिनीवर २८ दिवसांच्या काळात १४ दिवस, मग तंबू उठवायचा. हंगामभरासाठी क्वार्ट्झसाइट गावाजवळचं ला पोसा बघा, ती त्याच खात्याची लांब मुक्कामाची जागा. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल एकच परवाना चालतो. बरीच वर्षं तो १८० डॉलरला होता. निघण्याआधी यंदाचा दर विचारा. आरव्हीला सांडपाण्याची किमान १० गॅलनची पक्की बसवलेली टाकी हवी. भांड्यांचं पाणीसुद्धा जमिनीवर ओतायचं नाही, काकूंना हे आधीच सांगून ठेवा!

जागा निवडताना बारीक वाळूचा सपाट पट्टा मोहात पाडतो. तिथे गाडी लावू नका. तो कोरडा ओढा असतो आणि लांबच्या डोंगरात पाऊस पडला तरी त्याला लोंढा येतो. काळसर खड्यांची घट्ट जमीन बरी, पण आधीच्या चाकोऱ्यांवरूनच जा. तिच्यावर उमटलेला टायर वर्षानुवर्षं पुसत नाही.

दुपारी बाहेर खुर्ची टाकून बसाल, पण जानेवारीत पहाटे पारा कधी शून्याला टेकतो. माझी बॅटरी तर हीटरच्या पंख्यानेच खाल्ली. सौर पॅनेल असेल तरच महिनोन् महिने राहा. जनरेटरची घरघर मला तरी सोसत नाही, आणि रात्री दहानंतर शेजाऱ्यांनाही.