वाचकांचे प्रश्न: डोक्यात गाठ निघाली, आता पुढं काय

डोक्यातल्या गाठीवर आलेल्या पत्रांतली चार इथं घेतलीत. नावं काढून टाकलीत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण ते लांबायलाच पाहिजे होतं.

प्रश्न: डॉक्टर मॅडम, आम्ही औसा तालुक्यातले. बाबा 58 वर्षांचे, शेती करतात. पोळ्याच्या आसपास बोलता बोलता शब्द विसरायले, मग डावा पाय ओढायले. लातूरला एमआरआय केला तर मेंदूत गाठ आहे म्हणले. एका डॉक्टरनं टीबीची गाठ असंल म्हणून टीबीच्या गोळ्या अन डेक्साचं इंजेक्शन सुरू केलं, आणि आठ दिवसात बाबा उठून बैलाला वैरण टाकायले! आता दुसरे डॉक्टर म्हणतात हा लिंफोमा असू शकतो, बायोप्सी करा. चुलते म्हणतात माणूस उभा राहिला तर डोक्याला भोक कशाला पाडता, सुई लागली की कॅन्सर खवळतो. काय करावं?

उत्तर: ताई, बाबा वैरण टाकायला उठले ते वाचून मला बरं वाटलं आणि त्याच वेळी धस्सही झालं. कारण इतका झपाट्यानं फरक पडणं हेच लिंफोमाचं, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचं, एक लक्षण असू शकतं. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, हे स्टेरॉइड. ते कुठल्याही गाठीभोवतीची सूज उतरवतं, म्हणून टीबीची गाठ असो की दुसरी कुठली, पेशंटला बरं वाटतंच. पण लिंफोमात ते त्याच्याही पुढं जातं, गाठीतल्या पेशीच मारतं, आणि कधीकधी पुढच्या एमआरआयमधी गाठ दिसतच नाही. डॉक्टर लोक याला घोस्ट ट्यूमर म्हणतात, भुतासारखी गायब होणारी गाठ. गायब होते पण जात नाही, काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत परत येते, तिथंच किंवा मेंदूत दुसरीकडं. टीबीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड एकदमच सुरू झालं की गुण कशाचा आला तेच कळत नाही, घरच्यांना वाटतं टीबीच होता आणि बरा झाला. आपल्याकडं टीबीच्या गाठी आणि जंताच्या गाठी खरंच खूप दिसतात, त्यामुळं पहिल्या डॉक्टरांना तसं वाटलं यात नवल नाही, त्यांच्यावर चिडू नका. शिवाय सूज फार असंल, पेशंट गुंगीत जात असंल तर जीव वाचवायला स्टेरॉइड द्यावंच लागतं. पण पेशंटची तब्येत थांबण्यासारखी असंल आणि लिंफोमाची शंका असंल तर बायोप्सीआधी स्टेरॉइड टाळतात, कारण नंतर काढलेल्या तुकड्यात कधीकधी नुसत्या मेलेल्या पेशी निघतात आणि रिपोर्टमधी काहीच ठरत नाही.

चुलत्यांना एवढं सांगा की सुई लागल्यानं कॅन्सर खवळत नाही. कवटीला लहान भोक पाडून, कॉम्प्युटरवर नेमकी जागा धरून बारीक सुईनं तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे घेतात. रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, तो सर्जनला स्पष्ट विचारा, विचारायचा तुमचा हक्कच आहे. पण नाव न कळता महिनाभर चुकीचं औषध चालू राहणं हा त्याच्याहून मोठा धोका आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक हात जोडून सांगते, हे वाचून डेक्सा घरच्या घरी बंद करू नका. अंगाला बाहेरच्या स्टेरॉइडची सवय लागलेली असते, एकदम बंद केलं तर बीपी उतरून पेशंट कोसळू शकतो. न्यूरोसर्जनला नुसता फोनवर निरोप नको, सगळे एमआरआय तारखेप्रमाणं लावून, डेक्सा कोणत्या तारखेपासून किती दिलं ते कागदावर लिहून घेऊन जा. ते ठरवतील लगेच बायोप्सी करायची की डोस हळूहळू उतरवून, परत एमआरआय करून, गाठ दिसायला लागल्यावर. टीबीच्या गोळ्यांचंही तेच ठरवतील. बाबांची शुगरही तपासा, स्टेरॉइडनं ती चढते, भूक आणि जागरणही वाढतं.

प्रश्न: नमस्कार. परभणी. आई 61 वर्षांची, बायोप्सीत मेंदूचा लिंफोमा आलाय. डॉक्टर म्हणाले गाठ काढायची नाही, मेथोट्रेक्सेटचे मोठे डोस द्यायचे. मावशी संधिवातासाठी हीच गोळी घेते! गाठ काढतच नाहीत म्हणजे केस हाताबाहेर गेली का? नातेवाईक म्हणतात सरळ लाईट द्या. आणि आईची एचआयव्ही तपासणी का केली, आम्हाला फार लाज वाटली.

उत्तर: दादा, हाताबाहेर गेली म्हणून नाही, या आजाराचा स्वभावच वेगळा आहे म्हणून. मेंदूवरच्या आवरणाची गाठ, मेनिंजिओमा, बहुतेक वेळा साधी असते आणि जागा सोयीची असंल तर काढली की काम झालं. लिंफोमा मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, स्कॅनमधी एक गाठ दिसली तरी त्याच्या पेशी मेंदूत लांबवर विखुरलेल्या असतात, गाठ कापून त्या निघत नाहीत आणि उगाच पेशंटचं बोलणं-चालणं जाऊ शकतं. उलट औषधाला हा आजार चांगली दाद देतो. गाठ काढत नाहीत हे ऐकून घरचे रडायला लागतात हे मी कितीदा पाहिलंय, म्हणून एवढं सविस्तर लिहिते.

औषध मावशीचंच, पण माप बघा. संधिवाताला आठवड्याला काही मिलीग्रॅम. इथं अंगाच्या दर चौरस मीटरला 3 ग्रॅम किंवा जास्त, म्हणजे शेकडो पट. कारण मेंदूभोवती एक चाळणी असते, रक्तातली बरीच औषधं ती आत जाऊ देत नाही, मोठ्या डोसनं ती पार करावी लागते. साधारण दर दोन आठवड्यांनी काही दिवस ॲडमिट व्हायचं. आधीपासून भरपूर सलाईन, लघवी अल्कलाईन ठेवायला सोडा, मग मेथोट्रेक्सेट, आणि बहुधा 24 तासांनी ल्यूकोव्होरिन सुरू, जे बाकीच्या अंगाला औषधाच्या माऱ्यातून वाचवतं. रक्तात औषध किती उरलं त्याची लेव्हल रोज बघतात आणि ती उतरल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणून दवाखाना निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा, मेथोट्रेक्सेटची लेव्हल इथं होते का, रिपोर्ट त्याच दिवशी येतो का? याचं उत्तर नीट येत नसंल तर तिथं हा डोस घेऊ नका. त्या दिवसांत अंगदुखीच्या गोळ्या, ॲसिडिटीच्या गोळ्या, सेप्ट्रान, गावठी काढे, डॉक्टरला न विचारता काही म्हणजे काही देऊ नका, यातल्या बऱ्याच गोष्टी मेथोट्रेक्सेट किडनीत अडकवून ठेवतात. सोबत बहुधा रिटुक्सिमॅब नावाचं दुसरं औषध देतात.

लाईटचं म्हणाल तर पूर्ण डोक्याला रेडिएशन दिल्यावर गाठ विरघळते हे खरं. पण साठीपुढच्या माणसाला नंतर विसराळूपणा, चालताना तोल जाणं, लघवीवर ताबा न राहणं असा त्रास व्हायचा धोका बराच असतो, आणि नुसत्या रेडिएशननं आजार फार दिवस दूर राहतही नाही. म्हणून आधी केमो. किडनी साथ देत नसंल तर गोष्ट वेगळी.

एचआयव्हीची लाज कशाला? अंगातली प्रतिकारशक्ती उतरलेल्यांना हा लिंफोमा जास्त होतो आणि उपचार त्यावर बदलतात, म्हणून ती तपासणी सगळ्यांचीच करतात. हिपॅटायटिस बीचीही करतात, कारण रिटुक्सिमॅबनं जुना झोपलेला हिपॅटायटिस उठतो. डोळ्यांची तपासणी आणि पूर्ण अंगाचा स्कॅनही सांगतील, तो फालतू खर्च नाही, आजार डोळ्यात किंवा बाकी अंगात आहे का ते बघायचं असतं.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत, त्यात कॅन्सरही येतो. पण दवाखाना योजनेत आहे का आणि नेमकी हीच केमो बसते का, हे ॲडमिट व्हायच्या आधी आरोग्यमित्राला विचारा, बिल झाल्यावर नाही. संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय तुम्हाला जवळ पडंल, तिथं दाखवून सल्ला घ्या. मुंबईला टाटाला जायचं ठरलं तर रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला भाड्यात सवलत असते, फॉर्म दवाखान्यातून भरून घ्या. राहायला दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, जायच्या आधी जागा आहे का विचारून घ्या.

प्रश्न: बीडहून. मी शिक्षिका आहे, महिन्यातून दोनतीनदा डोकं दुखतं. शेजारी ट्यूमरचा पेशंट निघाल्यापासून झोप नाही. हा संसर्गजन्य असतो का? मोबाईलनं होतो का?

उत्तर: नाही हो ताई, संसर्गानं होत नाही, त्यांच्याकडं जा, चहा घ्या, त्यांना माणसांची गरज आहे. बहुतेक गाठी घराण्यातून येणाऱ्याही नसतात. मोबाईलला 2011 मधी जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 'शक्यता असू शकते' अशा यादीत टाकलं होतं, पण 2024 मधी त्याच संघटनेनं करून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईलचा आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही. वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं दुखणारं डोकं बहुतेक अर्धशिशीचं किंवा ताणाचं असतं. नवीनच सुरू झालेली आणि वाढतच जाणारी डोकेदुखी, पहाटे उलटीसोबत, मोठेपणी पहिल्यांदा आलेली फिट, एका बाजूची ताकद कमी होणं, बोलण्यात किंवा नजरेत फरक, यातलं काही असंल तर मात्र थांबू नका.

प्रश्न: मॅडम, हिंगोली जिल्हा. मालक 46 वर्षांचे, ग्लिओब्लास्टोमा, ऑपरेशन झालं, नांदेडला लाईट चालू आहे. एकदा फिट आली तेव्हा सासूनं कांदा हुंगवला. आता बारीक गोष्टीवर अंगावर येतात, असे नव्हते ओ ते. ट्रॅक्टरची चावी मागतात. नेटवर चौदा महिने लिहिलंय. पोराची दहावी आहे.

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी बराच वेळ हातात धरून बसले होते.

ते चौदा महिने कुठून आले ते सांगते. ग्लिओब्लास्टोमा म्हणजे मेंदूतच उगवणारा, झपाट्यानं वाढणारा कॅन्सर. त्यावर 2005 मधी एक मोठा अभ्यास छापून आला. नुसत्या रेडिएशनवर निम्मे पेशंट 12.1 महिन्यांपुढं जगले, टेमोझोलोमाइड या केमोच्या कॅप्सूल जोडल्यावर तोच आकडा 14.6 झाला, आणि दोन वर्षांनी शंभरातले साधारण 26 जण हयात होते, नुसत्या रेडिएशनमधी 10. म्हणजे तो मधला आकडा आहे, निम्मे त्याच्या पुढं गेले. आजार वाईट आहे, हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण चौदा महिने ही कुणी लिहून दिलेली तारीख नाही. कॅप्सूल चालू असतील तर त्या उपाशीपोटी घ्यायच्या आणि दर आठवड्याला रक्त तपासायचं.

चिडणं हे त्यांचं मन बदललं म्हणून नाही. कपाळामागचा मेंदू माणसाला आवरून धरतो, तिथं गाठ किंवा सूज असली की आवर सुटतो, डेक्सानंही चिडचिड वाढते. डॉक्टरला सांगा, डोस कमी करता येतो, गोळ्या देता येतात. फिटच्या काही गोळ्यांनी पण राग वाढतो, लेव्हेटिरासिटाम चालू असंल तर आवर्जून सांगा. बदलून मिळंल, पण आपल्या मनानं फिटची गोळी बंद करायची नाही.

फिट आली तर कांदा, चप्पल, हातात चावी, तोंडात चमचा, काही नको. कुशीवर करा, डोक्याखाली मऊ काही घाला, घड्याळ बघा, पाच मिनिटांपुढं गेली तर 108 ला फोन. सासूबाईंना रागावू नका, एकदा शेजारी बसवून हे करून दाखवा. ट्रॅक्टर बंद, विहिरीच्या कडंला एकटं जाणं बंद, मळणीयंत्राजवळ उभं राहणंही बंद. चावी लपवली की भांडण होतं, म्हणून हे 'डॉक्टरांनी बंद केलंय' असं त्यांच्यासमोर डॉक्टरच्याच तोंडून वदवून घ्या.

पोराला दहावीनंतर सांगू म्हणून थांबू नका. त्याला अर्धं कळलेलं असतंच, उरलेलं तो एकटा मोबाईलवर शोधतो. एका संध्याकाळी त्याला तुम्हीच सांगा, आणि सात-बारा, बँक, विम्याचे कागद मालकांचं बोलणं सुधं आहे तोवर त्यांच्यासोबत बसून बघून घ्या, त्यांनाही काय सांगायचंय ते सांगू द्या.