वाचक विचारतात : धर्मग्रामाचा कायम निधी

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा होता. शाळेच्या फीसाठी, आजारपणासाठी, मिस्सांसाठी (चर्चमधल्या उपासनेसाठी) धर्मग्रामाने (पॅरिशने) कायमचा निधी, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त उत्पन्न वापरायचं असा निधी, उभारावा का, आणि उभारला तर तो टिकेल कसा? त्यातले सहा प्रश्न निवडले आहेत. आयकराच्या कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्याचे आहेत. एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांची आणि फॉर्मांची ओळख बदलते, म्हणून अर्ज भरण्याआधी सीएकडून नवे क्रमांक घ्यावेत.

प्रश्न : आमचा धर्मग्राम साधारण १,२०० कुटुंबांचा. गरजू मुलांच्या फीसाठी २५ लाखांचा कायम निधी करायचा ठराव झाला आहे. त्यातून दरवर्षी किती मुलांना मदत होईल? सुरुवात कुठून करावी? – अर्थसमितीचे एक सदस्य, वसई

उत्तर : आधी हिशेब मांडा, मग वर्गणीला निघा. मुदत ठेवीवर ७ टक्के धरले तर २५ लाखांवर वर्षाला १,७५,००० रुपये व्याज येईल. ते सगळं वाटून टाकायचं नाही. धर्मादाय न्यासाला (ट्रस्टला) करमाफी टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करावे लागतात, उरलेले १५ टक्के मात्र मागे ठेवता येतात. म्हणजे २६,२५० रुपये ठेवीत परत आणि १,४८,७५० खर्चाला. प्रत्येकी १५ हजार धरून नऊ मुलांची फी भरली की १,३५,००० जातात. राहिलेले १३,७५० ऑडिट, टपाल, छपाई यांना. दहाव्या मुलाला शब्द देऊ नका, कारण व्याजदर अर्ध्या टक्क्याने उतरला की १२,५०० रुपये कमी येतात आणि ती शिल्लक जवळजवळ तिथेच संपते.

खरी मेख महागाईत आहे. भाववाढ वर्षाला ५ टक्के धरली तर २५ लाखांची किंमत तेवढीच राहायला निधी दरवर्षी सव्वा लाखाने वाढला पाहिजे. व्याजातून तुम्ही २६,२५० परत टाकता. खड्डा उरतो ९८,७५० रुपयांचा. तो भरला नाही तर आजच्या १५ हजारांच्या मदतीची किंमत पंधरा वर्षांनी सव्वासात हजारांवर येते. म्हणून ‘एकदाच द्या, कायमचं झालं’ असं सांगून वर्गणी मागू नये. दरवर्षी लाखभराची नवी भर लागेल हे पहिल्याच सभेत सांगावं. सणाच्या नोव्हेनातला (नऊ दिवसांच्या प्रार्थनेतला) एक दिवस किंवा उपवासकाळातला एक रविवार त्यासाठी राखून ठेवला तर ते जमण्यासारखं आहे.

आता जमवण्याबद्दल. २५ लाख भागिले १,२०० कुटुंबं, म्हणजे प्रत्येकी २,०८३ रुपये, हा हिशेब कागदावर न्याय्य वाटतो आणि प्रत्यक्षात फसतो. ज्याला लाख देता आले असते तोही दोन हजार देऊन मोकळा होतो, आणि ज्याला दोनशेही जड जातात तो मिस्सेनंतर मागच्या दाराने निघतो. पायऱ्या करा : अडीच लाखांचे दोन दाते, एक लाखाचे पाच, ५० हजारांचे दहा, २५ हजारांचे वीस, आणि दोन हजारांचे अडीचशे. प्रत्येक पायरीवर पाच लाख होतात. वरच्या तीन पायऱ्यांवर एका दात्यामागे तीन घरांची यादी धरा. या घरी प्रमुख धर्मगुरू आणि अर्थसमितीतला एक जण असे दोघे जावेत, आणि आकडा स्पष्ट बोलावा. ‘यथाशक्ती द्या’ म्हटलं की पाचशेची नोट हातात येते. मिस्सेनंतरची घोषणा शेवटी करायची, तोवर अर्ध्याहून अधिक रक्कम कबूल झालेली असावी. चोवीस महिन्यांचे हप्ते द्या, पण कबूल केलेलं सगळं येत नाही. नोकरी जाते, घरात आजारपण निघतं, कोणी परदेशी जातं. २८ लाखांच्या कबुल्या हातात असल्याशिवाय मोहीम संपली असं जाहीर करू नका.

प्रश्न : निधी शिक्षणासाठी जमवला. आता चर्चचं छप्पर गळतंय. मुद्दलातून तात्पुरते चार लाख घेऊन पुढे परत टाकले तर चालेल ना? – एक वाचिका, वसई

उत्तर : नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मकायद्यात कॅनन (कलम) १२६७ सांगतो की विशिष्ट हेतूने दिलेलं दान त्याच हेतूला लावायचं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली विश्वस्तही त्या हेतूला बांधलेले असतात. मूळ हेतू पुरा करणं अशक्यच झालं, तर कलम ५५ नुसार मार्ग धर्मादाय आयुक्तांमार्फत न्यायालयात जातो. पाळकीय मंडळाच्या ठरावाने तो प्रश्न सुटत नाही. छपरासाठी वेगळी वर्गणी काढा. गळकं छप्पर लोकांना दिसतं, त्यासाठी पैसे लवकर जमतात.

अशी वेळ येते ती बहुतेकदा पावतीवर ‘देणगी’ एवढाच शब्द लिहिलेला असतो म्हणून. कायम निधीत पैसे घेताना दात्याचं सहीचं पत्र घ्या. मजकूर चार ओळींचा पुरे : ‘ही रक्कम न्यासाच्या कायम निधीत जमा करावी. मुद्दल खर्च करू नये. त्याचं उत्पन्न गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी वापरावं. हा हेतू पुढे अशक्य झाला तर विश्वस्तांनी बिशपांच्या लेखी संमतीने आणि कायद्याप्रमाणे त्याच्या जवळच्या हेतूला लावावं.’ शेवटची ओळ लोक विसरतात आणि वीस वर्षांनी अडकतात.

हे पत्र आयकरासाठीही हवं. कायम निधीसाठी म्हणून स्पष्ट सूचनेने आलेली रक्कम न्यासाच्या उत्पन्नात धरली जात नाही. मात्र १ एप्रिल २०२१ पासून ती केवळ कायम निधीसाठी ठेवलेल्या, कलम ११(५) मध्ये बसणाऱ्या गुंतवणुकीतच असावी लागते. चालू खात्यात सगळं मिसळून ठेवलं तर सवलत जाते. म्हणून वेगळं बचत खातं उघडा आणि त्यातूनच वेगळ्या ठेवी करा.

प्रश्न : दानावर ८०जी ची (दात्याला आयकरात सवलत देणारी) पावती मिळेल का, असं प्रत्येक जण विचारतो. चर्चच्या न्यासाला ती देता येते का? – खजिनदार, पालघर जिल्हा

उत्तर : तुमच्या न्यासाला ८०जी ची मंजुरी आहे का, ते आधी बघा. धार्मिक उद्दिष्टांच्या न्यासाला ती सहसा मिळत नाही. मंजुरी असलेल्या न्यासाला धार्मिक कामावर वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. शिवाय ‘फक्त कॅथलिक मुलांसाठी’ असं उद्दिष्ट लिहिलंत तर ८०जी मिळत नाही, आणि धर्मादाय म्हणून नोंदलेल्या न्यासाची करमाफीही कलम १३ मुळे धोक्यात येते. बरेच धर्मग्राम या एका वाक्यावर ठेचकाळतात. निकष गरज, गुण आणि राहण्याचं ठिकाण असे ठेवा, जात-धर्म नको. आपली मुलं त्यातून वगळली जात नाहीत, शेजारचीही येतात, आणि त्यात वाईट काही नाही. केवळ आपल्याच मुलांना द्यायचं असेल तर तो निधी धार्मिक न्यासात ठेवा आणि करसवलतीचं नाव काढू नका.

मंजुरी असली तरी दोन हजारांवर रोख दिलेल्या दानाला ८०जी लागू नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख तर घ्यायचीच नाही, ते कलम २६९एसटी खाली येतं. सवलतही बहुधा दानाच्या ५० टक्क्यांवर, आणि दात्याच्या समायोजित उत्पन्नाच्या १० टक्के मर्यादेत. नव्या करप्रणालीत असलेल्या दात्याला ८०जी चा उपयोगच नाही. पगारदारांपैकी अनेक जण आता त्याच प्रणालीत आहेत, त्यांना सवलतीचं आमिष दाखवणं बरं दिसत नाही.

क्यूआर कोडचं एक सांगून ठेवतो. यूपीआयने आलेल्या रकमेबरोबर दात्याचा पत्ता आणि पॅन येत नाही. त्याशिवाय ३१ मेपर्यंत भरायच्या १०बीडी या देणग्यांच्या विवरणात त्याचं नाव घालता येत नाही आणि त्याला १०बीई हे देणगीचं प्रमाणपत्र मिळत नाही. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क. कोडशेजारी छोटा छापील फॉर्म ठेवा : नाव, पत्ता, पॅन, हेतू, सही. कोड न्यासाच्या खात्याचाच असावा, कोणाच्याही खाजगी खात्याचा नको, मग ते फादरांचं का असेना. बिननावाच्या पाकिटांनाही शिक्षणनिधीत जागा देऊ नका. निव्वळ धार्मिक न्यासाला त्यात सूट आहे, पण धर्मादाय न्यासाकडची निनावी देणगी एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतल्या मोठ्या रकमेच्या वर गेली की तिच्यावर ३० टक्के कर लागतो.

प्रश्न : मुलगा दुबईत, मुलगी कॅनडात, मेहुणा पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला. तिघांनाही द्यायचं आहे. – गोव्यातील वाचक

उत्तर : पैसा कुठून येतो यापेक्षा पासपोर्ट कोणता, हे बघा. मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत पावतीपुस्तकाला जोडून ठेवा. मुलीने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी स्रोत ठरते, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी. मेहुण्याचंही तेच. त्यांनी भारतातल्या खात्यातून रुपयांत दिलं तरी फरक पडत नाही. असा पैसा घ्यायला न्यासाची एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) खाली नोंदणी हवी आणि तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यायला हवा. त्यावरचं व्याजही परदेशी देणगीच धरलं जातं, म्हणून त्याची ठेव देशी निधीत मिसळू नका. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेने तो पैसा घेऊन तुम्हाला द्यायचा, ही वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली. आईच्या खात्यातून फिरवून देणं हा कायद्याला बगल देण्याचाच प्रकार आहे, त्यात आईलाच अडचणीत आणाल.

प्रश्न : ५० हजार दिले तर आमच्या आईवडिलांसाठी कायमची मिस्सा होईल का? आणि मूल नसलेल्या मावशीला वाडी चर्चला द्यायची आहे. तिला कोणी सांगितलं की मृत्युपत्र वर्षभर आधी केलेलं नसेल तर ते चालत नाही. – एक वाचक, वसई तालुका

उत्तर : ‘कायमची’ हा शब्द कोणी देऊ नये. मिस्सांचा असा निधी धर्मग्रामाकडे ठेवायचा तर त्याची मुदत असते आणि ती धर्मप्रांताचे नियम ठरवतात. कॅनन १३०४ नुसार स्वीकारण्याआधी बिशपांची लेखी परवानगी लागते, १३०६ नुसार तोंडी ठरलेलंही लिहून काढावं लागतं, एक प्रत धर्मप्रांताच्या दप्तरात आणि एक धर्मग्रामात. ५० हजारांवर आज साडेतीन हजार येतील, पण मिस्सेचं अर्पण पुढे वाढेल आणि घेतलेली मिस्सांची जबाबदारी मनाला येईल तशी कमी करता येत नाही. वर्षाला एक मिस्सा, ठरावीक वर्षांसाठी, एवढंच मागा. त्यावर ८०जी नाही.

मावशींना सांगा, ती अट आता नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम ११८ मध्ये ती होती : पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असेल तर धार्मिक वा धर्मादाय कामासाठीचं मृत्युपत्र मरणाच्या निदान १२ महिने आधी केलेलं आणि सहा महिन्यांत जमा केलेलं हवं. जॉन वल्लमट्टम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं. आता दोन साक्षीदारांसमोर सही पुरे. साक्षीदार किंवा त्याचा जोडीदार यांना त्याच मृत्युपत्रातून काही मिळणार असेल तर तेवढं देणं रद्द होतं, म्हणून साक्षीदार तिऱ्हाईत निवडा. फादर किंवा विश्वस्त साक्षीला नसलेले बरे, उद्या भाच्यांनी दबावाचा आरोप केला तर उत्तर देणं सोपं जातं.

वाडीची गोष्ट मात्र अवघड आहे. सातबारावर ती शेतजमीन असेल तर कूळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याकडे हस्तांतर रोखतं, आणि न्यास शेतकरी नसतो. भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर सरकारी निर्बंध असलेली जमीन) असेल तर आणखी परवानग्या. बिनशेती जागा न्यासाला मिळाली तरी ९० दिवसांत न्यासाच्या नोंदीतला बदल अर्ज आणि पुढे विकायची तर १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची मंजुरी, यात वर्षं जातात. मावशींनी मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमून लिहावं की त्याने जमीन कायद्याने पात्र खरेदीदाराला विकून येणारी रक्कम कायम निधीला द्यावी. मग न्यासाकडे फक्त पैसा येतो. सातबारा आणि फेरफार घेऊन आधी वकिलाकडे जावं.

प्रश्न : पतपेढी नऊ टक्के देते, बँक सात. विश्वस्त म्हणतात नऊ घ्या. आणि दरवर्षी लोकांना काय दाखवायचं? – अर्थसमिती सदस्या

उत्तर : पतपेढी बँक नाही. १९५० च्या विश्वस्त कायद्याचं कलम ३५ आणि आयकराचं ११(५) या दोन्ही चाळण्यांतून जाईल अशाच ठिकाणी ठेवा, आणि ‘चालतं’ असं तोंडी नको, ऑडिटरकडून लेखी घ्या. ठेवीविमा एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंतच, मुद्दल आणि व्याज मिळून. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा किती संस्थांचे पैसे अडकले ते आठवा. २५ लाख सहा बँकांत विभागा आणि मुदती एक, दोन, तीन वर्षांच्या अशा पुढेमागे ठेवा, म्हणजे सगळ्या ठेवी एकाच वेळी कमी व्याजदराला नूतन होणार नाहीत.

लोकांना हिशेब देणं कॅनन १२८७ नुसार बंधनकारक आहे. चर्चच्या फलकावर अर्धं पान पुरे : वर्षारंभीचं मुद्दल, नवी भर, आलेलं व्याज, मुद्दलात परत टाकलेली रक्कम, वाटलेली मदत, ठेवी कुठे आणि कधी पिकणार. दात्यांची नावं लावायची तर अकारविल्हे लावा, रकमेशिवाय. मदत घेतलेल्या मुलांची नावं लावू नका, किती मुलं आणि कोणत्या इयत्तांची एवढं लिहा.