वाचकांचे प्रश्न: सेन्सर चालू, तरी नोड दिसेनात

प्रश्न: आमच्याकडे आयबीएम स्टोरेज स्केलचा (अनेक संगणकांना एकच सामायिक फाइलसिस्टिम वापरू देणाऱ्या प्रणालीचा), म्हणजे पूर्वीच्या जीपीएफएसचा, १२ नोडांचा, म्हणजे १२ संगणकांचा, क्लस्टर आहे. कामगिरीच्या नोंदी ठेवण्यासाठी एका नोडवर कलेक्टर (मोजमापे गोळा करणारा प्रोग्राम) आणि सर्व नोडांवर सेन्सर (मोजमापे घेणारे प्रोग्राम) बसवले. पण आलेखात ७ नोडच दिसतात. शिवाय एका नोडवरील सेन्सरच्या फाइलमध्ये नोंदींमधील अंतर १० सेकंदांवरून १ सेकंद केले होते, ते काही दिवसांनी आपोआप पुन्हा १० झाले. आमचे काय चुकले?

उत्तर: आपण विचारलेल्या दोन्ही अडचणी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. सेन्सर जरी प्रत्येक नोडवर चालत असला, तरी त्याने काय मोजावे, किती वेळाने मोजावे आणि कोणत्या कलेक्टरकडे पाठवावे, हे त्या नोडने नव्हे तर क्लस्टरने ठरवायचे असते. हे सर्व क्लस्टरच्या मध्यवर्ती सेटिंगमध्ये साठवलेले असते आणि नोडवरची ‘झिमॉनसेन्सर्स’ नावाची फाइल ही त्याची उतरवलेली प्रत असते. प्रतीवर केलेली खाडाखोड मुळापर्यंत पोहोचत नाही. क्लस्टरने पुढच्या वेळी प्रत उतरवली की आपला बदल पुसला जातो. आपल्या १ सेकंदाचे हेच झाले असणार.

आता न दिसणाऱ्या ५ नोडांबद्दल. सेन्सरचे सॉफ्टवेअर बसवले म्हणजे नोड देखरेखीखाली आला, असे होत नाही. ‘एमएमएलएसक्लस्टर’ ही आज्ञा देऊन शेवटचा रकाना पाहा: ज्या नोडांपुढे ‘परफमॉन’ हा शब्द नाही, त्यांना क्लस्टर सेन्सरची सेटिंग पाठवतच नाही. ते ५ नोड तेथेच उघडे पडतील, असा माझा अंदाज आहे, कारण नोड नंतर जोडले की ही पायरी हमखास राहून जाते. ‘एमएमसीएचनोड’ला ‘परफमॉन’ हा पर्याय आणि त्या नोडांची नावे द्यावीत; फाइल हाताने नकलण्याची गरज नाही.

रकान्यात शब्द असूनही एखादा नोड गायब असेल, तर प्रथम त्या नोडवर ‘पीएमसेन्सर्स’ ही सेवा चालू आहे का, ते पाहावे. त्यानंतर जोडणी तपासावी. सेन्सर स्वतःहून कलेक्टरच्या ४७३९ या पोर्टकडे जातो, त्यामुळे फायरवॉलमधील वाट कलेक्टरच्या बाजूला उघडी हवी. अनेक जण ती सेन्सरच्या नोडवर उघडतात आणि मग तासन्‌तास लॉग चाळत बसतात. क्लस्टरमध्ये दोन नेटवर्क असतील, तर कलेक्टरचे नाव त्या नोडवरून नेमक्या कोणत्या पत्त्याला उलगडते, हेही पाहून घ्यावे. दोन्ही बाजूंचे लॉग ‘व्हार-लॉग’मधील ‘झिमॉन’ या डिरेक्टरीत सापडतात. आणि सर्व नोडांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या पद्धतीने) जुळवलेली असू द्यावीत, नाहीतर मोजमाप येऊनही ते आलेखावर भलत्याच वेळेला जाऊन बसते.

राहिला प्रश्न १ सेकंदाचा. बदल ‘एमएमपरफमॉन कॉन्फिग अपडेट’ने, सेन्सरचे नाव, टिंब, ‘पिरियड’ (नोंदींमधील अंतर) आणि नवा आकडा अशा रीतीने करावा. हा आकडा ० दिला की तो सेन्सर बंद होतो. मात्र १०चे १ केले म्हणजे त्याच काळात दसपट नोंदी, आणि त्या १२ही नोडांकडून. कलेक्टर ताज्या नोंदी मूळ बारकाव्यानिशी मर्यादित काळच ठेवतो. जुन्या नोंदी तो मोठ्या अंतराच्या एकत्रित आकड्यांत गोळा करतो. म्हणून गेल्या महिन्यातील दोन सेकंदांचा झटका शोधायला हा आलेख उपयोगी नाही, पिरियड कितीही कमी केला तरी. एखाद्या अडचणीचा माग काढायचा असेल तेव्हा त्याच सेन्सरचे अंतर तात्पुरते कमी करावे आणि काम झाले की पूर्ववत करावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पुढे दुसरा कलेक्टर घ्यावासा वाटला, तर तोही ‘कॉन्फिग अपडेट’मधील कलेक्टरांच्या यादीत घालावा, म्हणजे दोघांना एकमेकांची ओळख राहते आणि कोणाही एकाला विचारले तरी सर्व नोडांचे उत्तर मिळते.

प्रश्न: आमच्याकडे सीपीयू, मेमरी, नेटवर्क यांचे आलेख व्यवस्थित येतात, मात्र डिस्कच्या शिल्लक जागेचा आलेख काही आठवड्यांपासून कोराच आहे.

उत्तर: शिल्लक जागा मोजणारा ‘जीपीएफएसडिस्ककॅप’ हा सेन्सर इतरांहून वेगळा आहे. सीपीयूचा आकडा प्रत्येक नोडचा स्वतंत्र असतो, पण फाइलसिस्टिममधील जागा संपूर्ण क्लस्टरची एकच असते. ती सर्व नोडांनी मोजली तर तेच उत्तर पुनःपुन्हा मिळणार आणि मोजणी जड असल्याने भार मात्र वाढणार. म्हणून तो सेन्सर ‘रिस्ट्रिक्ट’ या ओळीने एकाच नोडपुरता बांधलेला असतो आणि सर्वसाधारणपणे ८६,४०० सेकंदांनी, म्हणजे दिवसातून एकदा चालतो.

‘एमएमपरफमॉन कॉन्फिग शो’ने सेटिंग दाखवून त्या ओळीतील नाव वाचा. तो नोड काही आठवड्यांपूर्वी काढून टाकला असेल किंवा त्याचे नाव बदलले असेल, तर उरलेल्यांपैकी कोणीच ते काम स्वतःकडे घेणार नाही आणि तक्रारही करणार नाही. नव्या आवृत्त्यांत नोडच्या नावाऐवजी ‘क्लस्टर परफ सेन्सर’ हे राखीव नाव देता येते. मग नोड निवडण्याचे काम क्लस्टर करतो. दुरुस्तीनंतर पहिला ठिपका उमटायला पूर्ण दिवस लागू शकतो, तेव्हा तासाभरात आलेख कोरा दिसला म्हणून पुन्हा सेटिंग बदलायला घेऊ नये.