ॲड्रेनालिन इन्सुलिनला नेमकं कुठे अडवतं?

तुमचा प्रश्न असा आहे: ॲड्रेनालिन आणि सोमॅटोस्टॅटिन ही संप्रेरकं बीटा पेशीतलं (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीतलं) सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीच्या आत निरोप पोचवणारा छोटा रेणू, कमी करतात आणि म्हणून इन्सुलिन सुटायचं थांबतं, असं पुस्तकात दिलंय. कारण एवढंच आहे का?

नाही, एवढंच नाही. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, आणि ही शंका कुणीतरी विचारावी अशी माझी दरवर्षी इच्छा असते.

गेल्या वर्षी बाबांचं ऑपरेशन होतं. गोळ्यांवर त्यांची उपाशीपोटीची साखर ११५-१२० च्या आसपास असते, त्या सकाळी १९० निघाली. ‘अगं, काल रात्रीपासून काही खाल्लं नाही मी,’ असं बोट पुढे धरून ते पुन्हापुन्हा सांगत होते. खरंच खाल्लं नव्हतं. घाबरल्यावर रक्तात ॲड्रेनालिन वाढतं. ते यकृताला साखर सोडायला लावतं, कॉर्टिसोलची त्यात भर पडते आणि नेमकं त्याच वेळी स्वादुपिंडात इन्सुलिनची वाट अडते. पळायची किंवा लढायची वेळ असेल तर रक्तातली साखर स्नायूंना आणि मेंदूला उरायला हवी, म्हणून ही सोय.

आता पेशीच्या आत जाऊ. ग्लुकोज बीटा पेशीत शिरतं, त्यापासून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. एटीपी वाढलं की पोटॅशियमचे एक प्रकारचे चॅनल (पटलातल्या ये-जा करायच्या वाटा) बंद होतात, पेशीच्या पटलावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमचे चॅनल उघडतात आणि आत आलेल्या कॅल्शियममुळे इन्सुलिनच्या पिशव्या पटलाला चिकटून बाहेर रिकाम्या होतात. ॲड्रेनालिन पेशीवरच्या अल्फा-२ए रिसेप्टरला (निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला) लागलं की तो निरोप आत नेणारं जी-प्रोटीन (जीआय आणि जीओ गटातलं) जागं होतं आणि त्याचे दोन तुकडे सुटे होतात: एक अल्फा, दुसरा बीटा-गॅमा. अल्फा सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या एन्झाइमला आवरतो. हे झालं तुमच्या पुस्तकातलं. शिवाय याच प्रोटीनमुळे पोटॅशियम चॅनल उघडतात आणि कॅल्शियमचे मंदावतात, म्हणजे कॅल्शियम आत येणंच कमी होतं.

पण खरी गंमत अगदी शेवटच्या पायरीवर आहे. प्रयोगशाळेत बीटा पेशींच्या पटलाला भोकं पाडून आतलं कॅल्शियम मुद्दाम चढं ठेवलं, तरी नॉरॲड्रेनालिन (ॲड्रेनालिनचं भावंड, त्याच रिसेप्टरला लागणारं) घातल्यावर इन्सुलिन सुटणं कमी होतं. चॅनलचा प्रश्नच उरलेला नसताना! म्हणजे अडवणूक पार दारात होते. पिशवी पटलाला जोडणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचं नाव स्नॅप-२५. बीटा-गॅमा तुकडा त्याच्या शेपटाला धरतो, असं दिसतं. बोट्युलिनम विषाचा ‘ए’ प्रकार नेमकी हीच शेपटी, शेवटची नऊ अमिनो आम्लं, कापतो; आणि ती कापल्यावर नॉरॲड्रेनालिनची पकडही सुटते. वर्गात फळ्यावर मी हे शेपूट नेहमी वेगळ्या रंगात काढते.

हे सगळं जी-प्रोटीनमुळेच होतं कशावरून? इथे डांग्या खोकला मदतीला आला. त्याची लस टोचलेल्या उंदरांमध्ये ग्लुकोज दिल्यावर इन्सुलिन जास्तच सुटायचं, आणि ॲड्रेनालिनने ते थांबायचं नाही, उलट वाढायचं. जपानमध्ये मिचिओ उई यांच्या गटाने हा धागा धरला. जंतूच्या ज्या विषामुळे हे घडतं त्याला त्यांनी ‘द्वीपकांना चेतवणारं प्रथिन’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं; द्वीपकं म्हणजे स्वादुपिंडातले पेशींचे पुंजके, बीटा पेशी त्यांतच असतात. १९८२ मध्ये तोशिआकी कटाडा आणि उई यांनी दाखवलं की हे विष पेशीपटलातल्या ४१,००० डाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक) वजनाच्या एका प्रथिनावर एडीपी-रायबोज नावाचा रासायनिक तुकडा चिकटवतं. ते प्रथिन म्हणजे आपल्या जीआयचा अल्फा तुकडा. तो चिकटला की रिसेप्टरचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही. जी-प्रोटीनच्या शोधासाठी गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४ चं नोबेल मिळालं. मला मात्र लस टोचलेल्या उंदरांच्या साखरेपासून इथवर आलेली ही वाट जास्त थक्क करते.

सोमॅटोस्टॅटिनचा रिसेप्टर वेगळा, पुढची वाट बरीचशी हीच. ते शेजारच्याच डेल्टा पेशींतून येतं. जन्मतःच इन्सुलिन जास्त सुटणाऱ्या बाळांना त्याच्यासारखं काम करणारं ऑक्ट्रिओटाइड देतात, ते याच कारणाने.

तुम्ही शेवटी विचारलंय की टाइप २ डायबेटिसशी याचा संबंध आहे का. काही जणांत आहे. २०१० मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की अल्फा-२ए रिसेप्टरच्या जनुकाचा एक प्रकार असलेल्या लोकांच्या बीटा पेशींवर हे रिसेप्टर जास्त असतात आणि इन्सुलिन कमी सुटतं. पुढे २०१४ मध्ये तो जनुक-प्रकार असलेल्या रुग्णांना रिसेप्टर अडवणारं योहिंबिन देऊन पाहिलं, तर इन्सुलिन सुटणं सुधारलं. मात्र योहिंबिन रक्तदाब आणि धडधड वाढवतं, त्यामुळे ते स्वतःहून कुणी घेऊ नये.