पोलिश लढाऊ विमानांवरचा लाल-पांढरा चौकडा : शब्दचर्चा

प्रश्न असा आहे : ‘दुसऱ्या महायुद्धावरच्या एका लेखाचा अनुवाद तपासतोय. त्यात वाक्य आहे, “पोलंडच्या ३०३ व्या डिव्हिजनच्या शिकारी विमानांवर बुद्धिबळाच्या पटाचे चिन्ह आणि आरएफ ही पोलिश आद्याक्षरे असत.” यातलं “डिव्हिजन” खटकतं. शिवाय त्या चिन्हाला पोलिश भाषेत खास शब्द आहे का? मराठीत काय म्हणावं?’

‘डिव्हिजन’ खटकलं ते बरोबरच, पण हात फिरवायचाच असेल तर या वाक्यात चार जागी फिरवावा लागेल. चिन्हापासून सुरुवात करतो, कारण तिथे सांगण्यासारखं सगळ्यांत जास्त आहे.

पोलिश शब्द ‘शाखोव्नित्सा’. यातला ‘ख’ आपल्या ‘खडू’तला नव्हे, उर्दूतल्या ‘ख़बर’मधला, घशात घासून येणारा. शेवटचा ‘त्सा’ मात्र आपल्या घरचाच आहे : ‘चाक’, ‘चांगला’ यांतला च. पोलिश लोक तो रोमन ‘सी’ने लिहितात, त्यामुळे इंग्रजीच्या सवयीने वाचणारा ‘शाचोनिका’ असलं काहीतरी म्हणून मोकळा होतो. मराठी माणसाला तेवढं अडखळायचं कारण नाही. जोर ‘नि’वर द्यायचा, पोलिशमध्ये तो बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो.

अर्थ सरळ आहे, बुद्धिबळाचा पट. ‘शाखी’ म्हणजे बुद्धिबळ आणि ‘शाख’ म्हणजे शह. पोलिश खेळाडू शेवटची चाल करून ‘शाख-मात’ म्हणतो, आपण ‘शह-मात’ म्हणतो. हा योगायोग नाही. दोन्हीकडचे शब्द फारसीतल्या ‘शाह’कडून आलेत, आपल्याकडे थेट फारसीतून, तिकडे मध्य युरोपातल्या भाषांची वळणं घेत. इंग्रजीतला ‘चेक’ही त्याच शाहचा वंशज, जुन्या फ्रेंचमार्फत आलेला. म्हणजे शहाला काटशह, चेक्सचा शर्ट आणि पोलिश विमानावरची शाखोव्नित्सा ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. फुटबॉल बघणाऱ्यांना आणखी एक भावंड माहीत असेल : क्रोएशियाच्या जर्सीवरचे लाल-पांढरे चौकोन. क्रोएशियन भाषेत त्याला ‘शाहोव्नित्सा’च म्हणतात. फरक घरांचा. क्रोएशियाच्या राजचिन्हात पंचवीस घरं आहेत, पोलिश विमानावर फक्त चार.

आणि या चारामुळेच ‘बुद्धिबळाच्या पटाचे चिन्ह’ हे भाषांतर मला पसंत नाही. शब्दशः ते चूक नाही. पोलिश शब्दाचा अर्थ तोच आहे. पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे चौसष्ट घरांचा काळा-पांढरा पट येतो आणि तो विमानाच्या पंखावर तो शोधत बसतो. पोलिश माणसाचं तसं होत नाही, कारण त्या भाषेत चिन्हशास्त्रात अशा नक्षीला शाखोव्नित्साच म्हणायचा रिवाज आहे, घरं कितीही असोत. आपल्याकडे कापडाच्या दुकानात जुनी माणसं अजून ‘चौकड्यांचा शर्ट’ म्हणतात. तोच ‘चौकडा’ इथे घ्यावा. चार मोत्यांच्या कानातल्या दागिन्यालाही चौकडा म्हणतात, तेव्हा चाराचा हिशेबही जमतो. ‘चौकडी’ मात्र नको. चौकडी म्हटलं की मराठी माणसाला कुठल्या तरी पुढाऱ्याभोवतीचे चौघे आठवतात. पहिल्या उल्लेखात ‘शाखोव्नित्सा हा लाल-पांढरा चौकडा’ आणि पुढे नुसतं ‘चौकडा’, एवढं पुरे.

हा चौकडा आला कुठून? स्टेफान स्टेत्स नावाचा एक लेफ्टनंट होता. १९१८च्या नोव्हेंबरमध्ये, पोलंड नुकताच पुन्हा स्वतंत्र होत असताना, तो ल्वूफहून (आजचं युक्रेनमधलं ल्विव्ह) फोकर विमान घेऊन वॉर्साला उतरला. त्या विमानावर त्याची स्वतःची खूण म्हणून लाल-पांढरा चौकडा रंगवलेला होता. वरिष्ठांना तो आवडला आणि १ डिसेंबर १९१८ला तोच साऱ्या पोलिश विमानांची अधिकृत खूण झाला. एका माणसाची हौस अशी देशाची खूण झाल्याची उदाहरणं फार नसतील.

आता तो जवळून पाहा. बघणाऱ्याच्या डाव्या हाताला वर लाल घर, उजवीकडे वर पांढरं, खाली उलट. लाल घरांना बाहेरून पांढरी कड, पांढऱ्यांना लाल. कड सुरुवातीला नव्हती, १९२१मध्ये आली. युद्धकाळातली सगळी चित्रं अशीच असायला हवीत. १९९३मध्ये रंगांचा क्रम बदलला आणि डावीकडे वर पांढरं घर आलं. त्यामुळे अनुवादाबरोबर छापायला चित्र शोधताना डाव्या वरच्या कोपऱ्याकडे नजर टाका. तिथे पांढरं दिसलं तर ते आजचं चिन्ह आहे, १९४०चं नव्हे. मुखपृष्ठांवर ही गफलत सहज होते, कारण शोधल्यावर पहिल्यांदा आजचंच चिन्ह समोर येतं.

१९३९च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीच्या हल्ल्याला तोंड देणाऱ्या पेझेटएल पी-११ या लढाऊ विमानांच्या पंखांवर चौकडा चांगला मोठा होता. त्या जातीचं एकच विमान आज शिल्लक आहे, क्राकूफच्या विमानसंग्रहालयात. पोलंड पडल्यावर वैमानिक रुमानिया, हंगेरी, फ्रान्स अशी मजल मारत ब्रिटनला पोचले. तिथे विमानं ब्रिटिशांची, लढाईचे हुकूम ब्रिटिशांचे. ऑगस्ट १९४०च्या करारात पोलिश हवाई दल हे स्वतंत्र राष्ट्राचं दल आहे हे मान्य झालं, पण विमानाच्या पंखांवर आणि अंगावर ब्रिटिश हवाई दलाची वर्तुळंच राहिली. चौकडा आखडून लहान झाला आणि बहुधा नाकाजवळ, इंजिनाच्या झाकणावर जाऊन बसला. काही विमानांवर त्याच्याखाली बारीक अक्षरांत ‘पोलंड’ असंही लिहिलेलं दिसतं. म्हणून अनुवादात ‘विमानांवर चौकडा असे’ एवढंच लिहिलं तर वाचक तो वर्तुळाच्या जागी कल्पितो. ‘नाकाजवळ छोटा चौकडा’ म्हणावं.

‘आरएफ ही पोलिश आद्याक्षरे’ हे तर सरळ चूक आहे. ती ब्रिटिश हवाई दलाने दिलेली ओळख-अक्षरं. प्रत्येक स्क्वाड्रनला, म्हणजे विमानांच्या तुकडीला, दोन अक्षरांची जोडी, आणि वर्तुळाच्या पलीकडे त्या एका विमानाचं तिसरं अक्षर. ३०३ची जोडी आरएफ, ३०२ची डब्ल्यूएक्स, ३०८ची झेडएफ, ३१५ची पीके, ३१७ची जेएच. यांत कुठल्याही पोलिश शब्दाचं आद्याक्षर शोधू नये. गंमत म्हणजे ३१६ला ‘एसझेड’ मिळालं, आणि पोलिशमध्ये ही दोन अक्षरं मिळून आपला ‘श’ लिहितात. ‘शाखोव्नित्सा’ची सुरुवातच त्यांनी होते. पण तो निव्वळ योगायोग. १९४३मध्ये उत्तर आफ्रिकेत स्तानिस्वाफ स्काल्स्कीच्या हाताखाली पोलिश वैमानिकांचा एक छोटा गट ब्रिटिशांच्या १४५ स्क्वाड्रनबरोबर लढला. त्यांच्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानांवर झेडएक्स आणि पुढे अक्षराऐवजी चक्क आकडा असे. हा गट ‘स्काल्स्कीची सर्कस’ म्हणून ओळखला जातो.

३०३ हा आकडाही ब्रिटिशांचाच. ३०० ते ३०९ आणि ३१५ ते ३१८ हे क्रमांक पोलिश स्क्वाड्रनांना दिले. मधले ३१० ते ३१३ चेकोस्लोव्हाकांकडे गेले. तेव्हा या आकड्यावरून पोलंडमध्ये आधी तीनशेदोन स्क्वाड्रन होत्या असा समज करून घेऊ नये.

आता ‘डिव्हिजन’. पोलिशमध्ये ३०३ला ‘दिविझ्योन’ म्हणतात (झ ‘झाडा’तला), आणि इथेच अनुवादकाचा पाय घसरतो. सैन्याची डिव्हिजन, म्हणजे दहा-पंधरा हजार माणसांची, तिला पोलिश शब्द ‘दिविझ्या’. एका शेपटीच्या फरकाने छोट्या तुकडीचं अख्खं सैन्य होतं. ३०३ ही एकावेळी साधारण बारा विमानं आकाशात पाठवणारी तुकडी. तिला मराठीत स्क्वाड्रनच म्हणावं. हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत रुळलेला आहे, ‘स्क्वाड्रन लीडर’मुळे घरोघर पोचलाय. ‘पथक’ म्हटलं की ढोल-ताशा ऐकू येतो आणि ‘तुकडी’ कितीही लहान-मोठी असू शकते.

पण एवढ्यावर भागत नाही. पोलिशमध्ये ‘एस्काद्रा’ असाही शब्द आहे, आणि स्क्वाड्रनचा रक्ताचा नातेवाईक तोच; दोघंही इटालियन ‘स्क्वाद्रा’च्या कुळातले. युद्धापूर्वी पोलंडमध्ये दोन-तीन एस्काद्रा मिळून एक दिविझ्योन होत असे. वॉर्सात १११ आणि ११२ या दोन एस्काद्रा एका दिविझ्योनमध्ये होत्या आणि त्याचा प्रमुख होता झ्झिस्वाफ क्रास्नोदेंब्स्की. पुढे ३०३चा पहिला पोलिश कमांडर तोच. ब्रिटनमध्ये आल्यावर पोलिश लोकांनी हिशेब मांडला : ब्रिटिश स्क्वाड्रनमध्ये दोन ‘फ्लाइट’ असतात, तेव्हा स्क्वाड्रन म्हणजे आपलं दिविझ्योन आणि फ्लाइट म्हणजे एस्काद्रा. हिशेब चोख. पण १९२०च्या पोलंड-बोल्शेविक युद्धातल्या ‘कोश्चुश्को एस्काद्रा’ला इंग्रजी पुस्तकं ‘कोश्चुश्को स्क्वाड्रन’ म्हणतात, आणि १९४०च्या ३०३ दिविझ्योनलाही तेच म्हणतात. इंग्रजीत एकच शब्द, पोलिशमध्ये दोन वेगळ्या आकाराच्या गोष्टी. इंग्रजीवरून मराठीत आणणाऱ्याने दोन्हीकडे स्क्वाड्रन लिहिलं तर मी हरकत घेणार नाही, फक्त एकदा सांगून टाकावं की १९२०ची तुकडी लहान होती.

१९२०ची आणि १९४०ची अशा या दोन तुकड्यांना जोडणारी खूण म्हणजे बिल्ला. हा चौकड्याहून वेगळा. चौकडा देशाचा, अक्षरं ब्रिटिश हवाई दलाची, बिल्ला त्या स्क्वाड्रनचा. मराठी मजकुरात तिन्हींना ‘चिन्ह’ म्हणून टाकतात आणि गोंधळ होतो. ‘चौकडा, ओळख-अक्षरं, बिल्ला’ असे तीन शब्द ठेवले की वाक्यं आपोआप सुटी होतात. ३०३चा बिल्ला १९१९-२०मध्ये पोलंडच्या बाजूने बोल्शेविकांशी लढायला आलेल्या अमेरिकन स्वयंसेवक वैमानिकांचा. त्यांच्यापैकी एलियट चेस याने तो काढला. (हो, आडनाव चेस! चौकड्याशी याचा संबंध नाही.) गोलात अमेरिकन झेंड्याचे तारे आणि पट्टे, मधे चार कोनांची लाल टोपी आणि एकमेकांवर तिरकी ठेवलेली दोन लांब पाती. ज्याचं नाव या तुकडीला आहे तो तादेउश कोश्चुश्को अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला आणि १७९४मध्ये पोलंडमध्ये रशियाविरुद्ध उठावाचा पुढारी झाला. रात्स्वावित्सेच्या लढाईत त्याच्याबरोबरचे शेतकरी गवत कापायची पाती दांड्याला सरळ बसवून तोफांवर चालून गेले, त्यांची ही आठवण. या पात्याला मराठीत नेमका शब्द नाही, कारण तसं हत्यार आपल्या शेतात नाही. अनुवादक सर्रास ‘विळे’ लिहितात. तसं करू नये. विळा म्हटला की मराठी वाचकाला पाठोपाठ हातोडा दिसतो, आणि बोल्शेविकांशी लढलेल्यांच्या बिल्ल्यावर हातोड्याची सावली पाडणं म्हणजे कहरच. ‘लांब दांड्याची गवतकापी पाती’ असं सरळ लिहावं. उच्चाराचंही सांगून टाकतो. ऑस्ट्रेलियातलं सर्वांत उंच शिखर याच माणसाच्या नावाचं आहे, आणि भूगोलाच्या पुस्तकांत ते इंग्रजी वळणाने ‘कोसियुस्को’ झालंय. माणसाचं नाव लिहिताना ‘कोश्चुश्को’ लिहावं.

सगळेच बिल्ले इतके भारदस्त नव्हते. ३०७ ही रात्री लढणारी स्क्वाड्रन, म्हणून तिच्या बिल्ल्यावर घुबड. तिचं नावच ‘ल्वूफची घुबडं’. पोलिश शब्द ‘पुखाच’, म्हणजे कानांच्या जागी पिसांची शिंगं असलेलं मोठं घुबड. आपल्याकडे घुबड अशुभ, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव शिवीसारखं वाटू शकतं. एक शब्द जोडून ‘रात्रीची शिकारी घुबडं’ केलं तर सूर बरोबर लागतो. आणि वैयक्तिक चित्रं तर काय वाट्टेल ती. ३०३च्या यान झुंबाखच्या स्पिटफायरवर डोनाल्ड डक होता.

राहिलं ‘शिकारी विमान’. पोलिशमध्ये लढाऊ विमानाला ‘मिश्लिव्येत्स’ म्हणतात आणि तो शब्द शिकाऱ्यावरूनच आलाय. जर्मन, फ्रेंचमध्येही हीच कल्पना आहे. तुमच्या लेखकाने ती शब्दशः उचललेली दिसते. मराठीत ‘लढाऊ विमान’ पक्कं बसलंय, तेच ठेवा.

वळिवड्याची छावणी कोल्हापूरच्या शेजारी, १९४३ ते १९४८ तिथे हजारो पोलिश निर्वासित राहिले, तरी पोलिश शब्द मराठीत येतात ते बहुतेक इंग्रजीतूनच चाळून. म्हणून असल्या मजकुरात मूळ पोलिश शब्द एकदा तरी तपासावा.

तुमचं वाक्य मी असं करीन : ‘पोलिश ३०३ स्क्वाड्रनच्या लढाऊ विमानांवर ब्रिटिश हवाई दलाने दिलेली आरएफ ही ओळख-अक्षरे असत; नाकाजवळ शाखोव्नित्सा हा पोलंडचा लाल-पांढरा चौकडा आणि अंगावर स्क्वाड्रनचा कोश्चुश्को बिल्ला.’ थोडं लांबलं आहे. जागा कमी असेल तर बिल्ला काढा, चौकडा ठेवा. आणि १९४०च्या उन्हाळ्यातल्या हरिकेन विमानांबद्दलच बोलत असाल तर उलट करा. त्या महिन्यांत ३०३च्या विमानांवर बिल्लाच जास्त दिसतो, चौकडा पुढे स्पिटफायरांवर सर्रास झाला.